पावाची मोटारसायकल

२७ ऑक्टोबर, एल आल्तो

लिही गं. सगळ्यात आधी हे लिही की ही वही माझी नाही, झेनोनची आहे. माझ्या मुलाची. अर्ध्याहून जास्त वही त्यानं रस्त्यांनी भरून ठेवलीय. कुठं पाणी मिळतं, कुठं खडी सैल आहे, कुठल्या वाडीत कुत्री टाचेला लागतात. बाकीची पानं कोरी होती. कोरी पानं ठेवून काय करायचं, चूल पेटवायची? म्हणून मी बोलणार आणि लिझेत लिहिणार. लिझेत माझी नात, झेनोनची मुलगी. वय सव्वीस, बोटं बापासारखीच ग्रीसनं काळी, आणि मी काही बोलले की एक भुवई वर चढवायची खोड. आत्ताही चढवली. लिही, चढवली म्हणून. ठरलंय आपलं, मी बोलेन ते सगळं लिहायचं. वगळायचं नाही, गोड करायचं नाही.

मला अक्षर येत नाही. एक शब्द सोडून. या वहीत जवळजवळ पानोपानी तो आहे, खाली दोन रेघा ओढलेला. पुढं एक मोठं, पोट सुटलेलं अक्षर आणि त्याच्या मागं सात बारकी, जशी कोंबडी आणि तिची पिल्लं. ही कोंबडी काय म्हणते गं, असं मी विचारलं होतं. लिझेत म्हणाली, "देस्पासियो. म्हणजे सावकाश." मला हसूच फुटलं. जन्मभर स्वतः वळू उधळल्यासारखी गाडी हाकली आणि दुसऱ्यांना मात्र पानोपानी सावकाश.

येत्या नोव्हेंबरअखेर त्याला जाऊन तीन वर्षं होतील. आमच्या तिकापाता गावाच्या अलीकडं, कुठल्याशा वळणावर. ती जागा मी पाहिलेली नाही. त्याला गावातल्या घरीच आणलं आणि तिथंच पुरलं. लिझेत त्या दिवशी त्याच्यासोबत होती, मागच्या गाडीवर. तिनं कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

यंदा त्याची तिसरी मेज. एक नोव्हेंबरला दुपारी बाराला गेलेली माणसं येतात, दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. तीन वर्षं त्यांच्यासाठी मेज मांडायची आणि तिसऱ्या वर्षी निरोप द्यायचा. मग ती मोकळी, आणि आपणही हे काळे कपडे उतरवायचे. पहिल्या दोन मेजा मी इथं शहरातल्या खोलीत मांडल्या. दोन्ही खेपेला ग्लासातली बिअर बोटभरसुद्धा उतरली नाही. गेलेलं माणूस माशी होऊन येतं म्हणतात, तर साधी माशी फिरकली नाही. जिवंत असताना जो या घरी कधी वेळेवर आला नाही, तो मेल्यावर काय येणार! म्हणून शेवटची मेज गावी. बाराच्या आत. एवढं एकच मला हवंय, दुसरं काही मागणं नाही.

लिझेत बापाचाच धंदा करते. लोकांना मोटारसायकलींवरून डोंगरातल्या रस्त्यांनी नेते. उद्या सांताक्रूसचे पाच जण निघतायत, सपाटीवरची माणसं, आणि त्यांची वाट तिकापातावरूनच जाते. मागून सामानाची पिकअप, ती सेवेरो चालवतो, झेनोनचा जुना सोबती. मी म्हटलं, पिकअपमध्ये मी बसणार.

"आजी, रस्ता फार वाईट आहे."

"त्याच रस्त्यानं तुझ्या बापाला पाठीला बांधून मी बाजाराला जायची, बये. त्यानं कधी तक्रार केली नाही."

मेजेचे पाव आज भाजून आणले. चेहरा लावलेली बाहुली, ती म्हणजे झेनोन. वरून उतरायला पावाची शिडी. आणि परत जाताना ओझं वाहायला घोडा करतात, पण मी मोटारसायकल सांगितली. बेकरीवाला अदबीनं म्हणाला, "दोन्या आसुंता, पावाची मोटारसायकल कोण करतं?" मी म्हटलं, "माझा मुलगा घोड्यावर कधी बसलेला नाही. पडेल." मग त्यानं चाकं केवढी हवीत ते विचारलं.

२८ ऑक्टोबर, किमे

निघताना मी चाकांवर दारू शिंपडायला गेले, धरणीमातेला विचारल्याशिवाय डोंगरात शिरायचं नसतं. तर त्यांचा म्होरक्या आडवा आला. लिसांद्रो त्याचं नाव, दातांचा डॉक्टर. "मामीता, रंग उडेल!" हे सगळे मला मामीता म्हणतात, म्हणजे आईबाई. त्याची गाडी बैलाएवढी आणि बैलापेक्षा लाडकी. मी म्हटलं, "डॉक्टर, रंगाचं डोंगराला काही नाही. त्याला दारू लागते." शेवटी एका चाकावर चार थेंब टाकू दिले. एका चाकाच्या नवसानं दोन चाकं कशी पोचणार, ते तोच जाणे.

बाकीचे चार असे. तातो नावाचा जाडा, त्याच्याकडं उडणारा कॅमेरा. दोघं भाऊ, त्यांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून थोरला आणि धाकटा. आणि फाबियोला, तिशीतली बाई, कमी बोलते, स्वतःची साखळी स्वतः घट्ट करते. ती मला आवडली.

घाटमाथ्यावर सगळे मेंढरांसारखे धापा टाकत बसले. सपाटीवरच्यांना आमची हवा पातळ लागते. मी कोकाची पानं दिली, गालात धरा म्हटलं. तातोनं ती चावून गिळली.

"तुमच्याकडं उंच काय असतं हो?" मी विचारलं.

"गाय, मामीता," तो म्हणाला, आणि पलीकडं जाऊन ओकला.

पण माझी खरी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. लिझेत, हात थांबवू नकोस. तक्रार हिच्याबद्दल आहे. ही प्रत्येक वळणानंतर थांबते. गाडी थांबवते, मागं वळते आणि बोट दाखवून मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पिकअप दिसेपर्यंत उभीच. पुढचं वळण, परत तेच. चार तासांच्या वाटेला आठ तास लागले. मी खिडकीतून ओरडले, "बये, माणसं आहेत, कोंबड्या नाहीत! कुणी चोरून नेणार नाही!" तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि परत पहिल्यापासून मोजलं.

सेवेरोला म्हटलं, हिला काय झालंय? तो तोंडातली पानं या गालातून त्या गालात घेऊन म्हणाला, "रस्ता आहे, दोन्या आसुंता." हे काय उत्तर झालं?

३० ऑक्टोबर, खाणीच्या वस्तीत

कालचा दिवस लिहिण्याजोगा नाही. पाचांची डोकी दुखत होती म्हणून किमेतच पडून राहिलो. एक दिवस गेला.

आज दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही वाईट.

पहिली. नाश्त्याला मी पिकअपच्या मागं गेले तर माझ्या टोपलीवरचं कापड सरकलेलं. बाहुली आहे, मोटारसायकल आहे, शिडी नाही. समोर तातो उभा, मिशीला पावाचे कण.

"मामीता, तुमचा पाव एक नंबर! आकार मात्र काय मस्त, जाळीसारखा."

"ती शिडी होती."

"कसली शिडी?"

"माझ्या मुलाची. आभाळातून उतरायची."

तो हसला. मग त्यानं लिझेतच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचं हसणं गेलं. फाबियोलानं त्याला बाजूला नेऊन सगळं समजावलं. तेव्हापासून तो माझ्यासमोर यायचं टाळतोय. दिवसभर पिकअपच्या पुढं राहिला, धुळीत दिसेनासा. मी शिव्या घालायच्या ठरवल्या होत्या, पण एवढ्या जाड माणसाला एवढं बारीक होऊन बसलेलं पाहिलं की शिवी घशातच राहते. तरी राग आहे. लिही, राग आहे. आता तो उतरणार कशानं, झेनोन? उडी मारणार? तुझ्या उड्या मला माहीत आहेत.

दुसरी. किमेच्या पुढं नदीवरच्या पुलापाशी रस्ता फुटतो. एक खालून, नदीकाठानं. दुसरा वरून, जुन्या खाणींवरून. आमच्या लहानपणापासून तिकापाताला सगळे खालून जातात. लिझेतनं गाडी वर वळवली.

"अगं, खाली!"

"बाबांनी वहीत लिहून ठेवलंय, आजी. खालचा रस्ता पावसानंतर धोक्याचा. वरूनच जायचं."

"पाऊस कुठंय?"

"पडून गेलाय."

पडून गेला असेल, मी काय आभाळात बसते? वही तिच्या हातात, अक्षरं तिच्या डोळ्यांत. मी खिडकीची काच वर केली. मग वरचा रस्ता म्हणजे काय विचारता! दगड भांड्यांएवढे, चिखल घोट्यापर्यंत. थोरला दोनदा पडला, डॉक्टरची बैलगाडी एका खड्ड्यात आडवी झाली आणि ती उचलायला चौघं लागले. रंग उडाला. मी फक्त त्या चाकाकडं पाहिलं, ज्याला त्यानं दारू लागू दिली नव्हती. त्यानंही पाहिलं. पावाच्या मोटारसायकलीचं पुढचं चाक याच हादऱ्यांत तुटलं.

आणि ही बाई प्रत्येक वळणावर मोजतेच आहे. मधे धाकट्यानं तिला चॉकलेट दिलं, तिनं घेतलं. आता माझ्या डोक्यात उजेड पडतोय. लांबचा रस्ता, जागोजाग थांबणं. तिला हा प्रवास संपायला नकोय. लिझेत, डोळे वटारू नकोस, मी म्हातारी आहे, आंधळी नाही.

३१ ऑक्टोबर, नदीवरच्या पुलापाशी

आजचं फाबियोला लिहितेय. का, ते आता सांगते.

सकाळी वरच्या रस्त्यानं तासभर गेलो आणि पुढं डोंगरच रस्त्यावर बसलेला. दरड. चार दिवस हलणार नाही असं खाणीतले लोक म्हणाले. म्हणजे आल्या पावली परत, सगळे खड्डे उलट्या बाजूनं. संध्याकाळ व्हायच्या आत कसेबसे पुलाशी पोचलो, जिथून काल वर वळलो होतो तिथंच. उद्या बारा वाजता मेज आणि आम्ही अजून सुरुवातीलाच.

लिझेत चहा ठेवत होती. वही पिकअपच्या पुढच्या भागावर पडली होती. मी म्हटलं, खालच्या रस्त्याचं पान दाखव. तिनं दाखवलं. नदीची वाकडी रेघ आणि पूल झेनोननं काढलेला, तो मला ओळखू येतो. मी ते पान डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, पालथं करून मागं पाहिलं.

"कोंबडी कुठंय?" मी म्हटलं.

"काय?"

"रस्ता धोक्याचा असेल तर तुझ्या बापाची कोंबडी कुठंय? साध्या ओढ्यालासुद्धा तो कोंबडी काढतो. इथं एकही नाही."

ती चहाकडं वळली. मी फाबियोलाला हाक मारली. म्हटलं, पोरी, तू वाच, मोठ्यानं. तिनं वाचलं, "खालचा रस्ता, पुलापासून तिकापाता पाच तास. रुंद, कोरडा. कसलाही त्रास नाही. लिझेतला पुढं ठेवायला हरकत नाही."

चहा उतू गेला.

म्हणून लिही, फाबियोला. लिही की माझ्या नातीनं मला वाचता येत नाही याचा फायदा घेतला. आजवर बाजारातल्या वाण्यानं घेतला, कचेरीतल्या कारकुनानं घेतला, सगळ्यांना मी हसून सोडलं. घरात कुणी घेतला नव्हता. लिही की चॉकलेटच्या वड्यांपायी ही आपल्या बापाची शेवटची मेज बुडवायला निघालीय. लिही की ती बापाला विसरली.

फाबियोला म्हणते, "मामीता, हे फार कडक होतंय."

लिही. उद्या त्याच्या मेजेसमोर ही वही वाचायची आहे, पहिल्या पानापासून. त्याच्या मागं काय काय चाललंय ते त्याला कळायला नको? वाचणार तीच. तिच्याच तोंडून कळू दे.

उद्या पहाटे सहाला खालून निघायचं. लिझेत म्हणाली, "हो." एवढंच. जेवली नाही. धाकटा परत चॉकलेट घेऊन गेला तर तिनं ते न पाहता पुलाशी फिरणाऱ्या एका कुत्र्याला दिलं. मग चॉकलेटचं प्रकरण नेमकं काय आहे, हे मला आता कळेनासं झालंय.

१ नोव्हेंबर, तिकापाता

पोचलो. पण कसे, ते सांगते. लिझेत लिहितेय. तिचा हात थांबला तर मी थांबेन, आज घाई नाही.

सहाला निघालो. रस्ता खरंच चांगला. पण हिचं मोजणं तेच. उलट जास्त. वळण नसलं तरी थांबायची. मी खिडकीतून हात काढून ओरडत होते, घसा बसला. डॉक्टर म्हणाला, मामीता, मी पुढं होऊ का, तर लिझेत त्याच्या अंगावर अशी ओरडली की तो दचकून मागं गेला. "माझ्या पुढं कुणी नाही! माझ्या मागं राहा, मला दिसेल असं!"

पावणेअकराला ती परत थांबली. मी म्हटलं, मोज बाई मोज, बाराही वाजतील. पण तिनं मोजलं नाही. उतरली, गाडी नीट उभी केली आणि रस्त्यातच खाली बसली. हेल्मेट डोक्यावर तसंच.

मी पिकअपमधून उतरले. "ऊठ! सव्वा तास राहिला बाराला!"

सेवेरो मागून म्हणाला, "दोन्या आसुंता." आणि हनुवटीनं डोंगराच्या बाजूला दाखवलं.

लोखंडी नळीचा एक क्रूस होता. कमरेएवढा. प्लॅस्टिकची फुलं उन्हानं पांढरी पडलेली. तो सेवेरोनंच लावलाय, हे मला आज कळलं.

तीन वर्षं मी मनात एक कडा वाढवत होते. काळा, उभा, खाली तळ न दिसणारा. माझ्या झेनोनला न्यायला तेवढा तरी मोठा हवा ना. आणि हे काय? साधं वळण. आमच्या गल्लीच्या तोंडाशी याहून वाईट वळण आहे. वरच्या कपारीतून पाणी ठिबकत होतं, आणि तेवढाच तीन पावलांचा तुकडा हिरवा, शेवाळलेला. बाकी सगळा रस्ता कोरडा. त्यानं वहीत लिहिलं तसाच.

सेवेरो हळूच म्हणाला, "तुम्हाला आणि मेजेला घेऊन मी पुढं सुटतो. न थांबता गेलो तर गाठू. हे लोक पोरीला घेऊन मागून येतील."

मी एक पाय वर ठेवलासुद्धा. खोटं कशाला सांगू. तीन वर्षं वाट पाहिली होती मी या दुपारची. मग मागं पाहिलं. पाचही जण आपापल्या गाड्यांजवळ उभे, आणि मधे रस्त्यात हे काळं हेल्मेट, हललंसुद्धा नाही. लहान असताना ती अशीच बसायची. पातेलं डोक्यात घालून, मी शोधायला येईपर्यंत.

मी पाय खाली घेतला.

"सेवेरो, मागची फळी पाड."

"इथं?"

"त्याला इथंच सोडून आलो ना आपण? मग तो गावात कशाला शोधत बसेल?"

पिकअपच्या फळीवर काळं कापड अंथरलं. त्याचा फोटो. दोन्ही बाजूंना उसाची कांडी, चालताना टेकायला. पातीसकट कांदा, वाटेत पाणी प्यायला. शेंगदाण्याचं सार थंडच, सुकवलेले बटाटे, बिअर. मधे पावाची बाहुली. मोटारसायकल काढली तर चाक हातात आलं.

"द्या इकडं," डॉक्टर म्हणाला. त्यानं खिशातून दात कोरायच्या काड्या काढल्या, डोळे बारीक केले आणि गुडघ्यांवर बसून ते चाक बसवू लागला. एवढ्या मोठ्या माणसाची बोटं एवढी हलकी असतील असं वाटलं नव्हतं. "लोकांच्या तोंडात बसवतो त्यापेक्षा हे सोपं आहे, मामीता. हे ओरडत नाही."

मग तातो आला. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या समोर. हातात नवी कोरी साखळी, गाडीची, जादा म्हणून आणलेली. "शिडी मी खाल्ली," तो म्हणाला. "ही चालेल का? हिलासुद्धा पायऱ्याच असतात." मी ती उन्हात धरून पाहिली. खरंच, कडी कडी म्हणजे पायरी. पावाच्या शिडीत नऊ होत्या, हिच्यात मोजता येणार नाहीत इतक्या. कपारीच्या एका खुंटीला अडकवून ती मेजेपर्यंत सोडली. तेल लावलेली. झेनोन, तुला तीच जास्त आवडली असेल.

बारा वाजले. आमच्यात बाहेरच्यांनी प्रार्थना करायची आणि बाहेरच्यांनीच जेवायचं, घरचे नुसते बसतात. त्या पाचांनी प्रार्थना म्हटली, प्रत्येकानं वेगळ्या ओळीपासून सुरुवात केली. देवाला निवडून घ्यायला लागली असेल.

मग मी वही लिझेतच्या मांडीवर ठेवली. तिनं हेल्मेट काढलं. वाचू लागली. बेकरीवाला, दारूचे चार थेंब, तातोची मिशी. धाकटा हसला, डॉक्टर खाली पाहू लागला. मग फाबियोलाचं अक्षर आलं. त्यात काय आहे हे लिझेतला माहीत नव्हतं. तिनं तेही वाचलं, मोठ्यानं, एकही शब्द न वगळता. ठरलं होतं तसं. "लिही की ती बापाला विसरली," इथपर्यंत वाचलं आणि वही मिटली.

"मी मागं नव्हते, आजी," ती म्हणाली. "मी पुढं होते."

मला आधी कळलंच नाही.

"बाबा म्हणाले, आज तू पुढं. पहिल्यांदाच. मी इतकी खूश होते की आरशात बघितलंच नाही. एकदाही नाही. सरळ तिकापाताला गेले. बाजारात थांबून संत्री घेतली, एक मला, एक त्यांना. सोलून ठेवलं होतं त्यांचं. मला वाटलं, मी जिंकले."

पाणी ठिबकत होतं तेवढंच.

मी चार दिवस ओरडत होते, कोंबड्या नाहीत त्या, मोजू नकोस. मी. जिला त्या वहीतली कोंबडी सोडून दुसरं काही वाचता येत नाही, तिला समोर मोजत असलेली पोर वाचता आली नाही.

मला काहीतरी शहाणं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "आणि त्या संत्र्याचं काय केलंस?"

"माहीत नाही, आजी."

"मग गावात गेल्यावर दुसरं घेऊ."

तेव्हा माशी आली. हिरवी, मोठी, गुणगुणणारी. सगळ्यांनी पाहिली. बिअरवर नाही बसली, साराकडं ढुंकून पाहिलं नाही. पहिली बसली ती पावाच्या मोटारसायकलीवर. मग माझी शंका मिटली.

पंगत उठल्यावर मी सेवेरोला म्हटलं, मेज आवरायची नाही, तशीच मागं बांध. त्याचा तासाभराचा रस्ता राहिलाय, तीन वर्षं. घेऊन जाऊ. आणि लिझेतला म्हटलं, पुढं हो. तू मोजू नकोस, मी मागून मोजते. सगळे दिसले की सेवेरो भोंगा देईल, एकाला एक.

ती निघाली. पहिल्या वळणावर तिची गाडी मंदावली. सेवेरोनं भोंगा दिला, पाच वेळा. मी त्याच्याकडं पाहिलं.

"सहावा?"

त्यानं सहावा दिला. लांब. लिझेत थांबली नाही.

२ नोव्हेंबर, तिकापाता

बाराला निरोप दिला. कबरस्तानात त्याच्या चुलत्यांनी बासरी वाजवली, बेसूर, पण त्याला सुरांचा कानच नव्हता त्यामुळं चाललं. मी काळी शाल उतरवली, लिझेतनं तिची. आत सगळं तेच जुनं अंग. मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही. थंडी मात्र वाजली.

पाव वाटले. बाहुलीचं डोकं फाबियोलाला. मोटारसायकल डॉक्टरला दिली, पण त्यानं चाक खाल्लं नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवलं आणि मला वाटतं जाताना आपल्या बैलाच्या दोन्ही चाकांवर दारू मागणार आहे. तातोला साखळी परत दिली तर म्हणतो, ती आता गाडीला लावायची नाही. वेडा आहे. संत्रं आम्ही चार दुकानं फिरून घेतलं, आंबट निघालं. लिझेतनं सोलून कबरीवर ठेवलं, मी मधली एक फोड खाल्ली. घरच्यांनी खायचं नसतं. खाल्ली.

मी म्हटलं, झालं, मिटव वही. ती मिटवेना. मागची पानं उलटत गेली, नदी आणि पुलाच्या पानापर्यंत. बापाच्या ओळींखाली जागा होती. तिथं तिनं काहीतरी लिहिलं, मला न सांगता.

"काय लिहिलंस?"

"वळण. कपारीतून पाणी, तीन पावलं शेवाळ."

"आणि?"

तिनं वही माझ्याकडं वळवली. मी बोट ठेवलं. पुढं मोठं, पोट सुटलेलं. खाली दोन रेघा. मागची पिल्लं मोजली. सात. सगळी आहेत.